पायथॉनचं मिनिमम व्हर्जन ठरवायला यूव्ही वापरून पाहिलं, ५ पैकी ४

आमचं ऑफिस नागपुरात धरमपेठेत, तीनच जण आहो. कळमन्यातल्या एका अडत्यासाठी संत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या, काढायचं सॉफ्टवेअर आम्ही पायथॉनमध्ये बनवलंय. आंबिया बहाराची आवक जोरात असताना सकाळी सकाळी फोन आला, भाऊ पट्टी निघूनच नाही राहिली. पाहतो तर सिंटॅक्स एरर. त्यांच्याकडे उबुंटू २२.०४, म्हणजे पायथॉन ३.१०, आणि मी लिहिलं होतं ३.१२ वर. एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात व्हेरिएबलची किंमत बसवायची पायथॉनची सोय) आत बाहेरचेच डबल कोट पुन्हा वापरले होते, ते ३.१२ पासून चालतं, त्याआधी नाही. शेतकरी गाडी रिकामी करून पट्टीसाठी उभा आणि आपण एका कोटापायी अडलो, फार वाईट वाटलं.

त्यानंतर यूव्ही घेतलं, म्हणजे पायथॉनची व्हर्जन आणि लायब्ररी सांभाळणारं टूल. फुकट आहे, रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि लायब्ररी टाकायच्या नेहमीच्या पिपपेक्षा खरंच लय फास्ट आहे. पण मला आवडलं ते हे की 'यूव्ही रन --आयसोलेटेड --पायथॉन ३.१० पायटेस्ट' एवढं टाकलं की मशीनवर ३.१० नसलं तर ते स्वतःच उतरवून घेते आणि सगळ्या टेस्ट त्यावर चालवते. आयसोलेटेड विसरू नका, नाहीतर तुमचं रोजचं एन्व्हायर्नमेंटच ३.१० चं होऊन जाते.

दुसरं म्हणजे लॉक फाइल, कोणत्या लायब्ररीचं कोणतं व्हर्जन घ्यायचं त्याची पक्की यादी. प्रोजेक्टच्या रिक्वायर्स-पायथॉन ह्या सेटिंगमध्ये किमान ३.१० लिहिलं की ते त्या खालच्या टोकापासून पुढच्या सगळ्या व्हर्जनचा विचार करते. आकडेमोडीची लायब्ररी नमपाय, तिच्या २.३ ला किमान ३.११ लागते, तर ३.१० साठी २.२ वालं धरते आणि वरच्यांसाठी नवीन, एकाच फाइलमध्ये दोन्ही. म्हणून टेस्ट खालच्या आणि वरच्या, दोन्ही टोकांवर चालवाच, कारण लायब्ररीच वेगळी असते.

एक स्टार कापला तो 'यूव्ही इनिट' ह्या, नवीन प्रोजेक्ट सुरू करायच्या कमांडसाठी. नवीन प्रोजेक्ट केला की तुमच्या मशीनवर जे पायथॉन सापडेल तेच मिनिमम म्हणून लिहून टाकते. नवीन पोरं तो आकडा तसाच ठेवतात. तो आकडा आपल्या लॅपटॉपवरून नाही, गिऱ्हाइकाच्या मशीनवरून यायला पाहिजे, आणि ते कोणतंही टूल सांगू शकत नाही, जाऊन पाहावंच लागते. इतवारीतल्या एका दुकानात काउंटरवर अजून विंडोज ७ निघालं, त्यावर ३.८ च्या वरचं पायथॉन चढतच नाही आणि ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपला. त्यांना आम्ही सरळ सांगितलं की मशीन बदला, त्याच्यासाठी कोड ३.८ पर्यंत खाली नाही नेला.

सध्या आमचं मिनिमम ३.१० आहे. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणून अडत्याला उबुंटू २४.०४ वर न्यायचं आतापासूनच बोलून ठेवलंय, पण आवक चालू असताना त्या मशीनला हात लावणार नाही.