स्ट्रीट फायटर ६ साठी लेव्हरलेस कंट्रोलर: पावसाळा ते संक्रांत वापरल्यानंतर

स्ट्रीट फायटर ६ हा कॅपकॉम कंपनीचा, दोन पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम. ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो. केन, र्‍यू, कॅमी यांच्यासारखं पात्र खेळत असाल, पीसीवर खेळत असाल आणि पॅडवर (दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर) डाव्या अंगठ्याला त्रास होत असेल, तर लेव्हरलेस नक्की घ्या. झांगीफ (पकडी मारणारा पैलवान) खेळत असाल तर जरा थांबा. आणि फक्त वेगासाठी घेणार असाल तर घेऊ नका, कारण खरा फायदा वेगाचा नाहीच.

लेव्हरलेस म्हणजे दांडा नसलेली आर्केड स्टिक (पार्लरमधल्या मशीनसारखा कंट्रोलर). सगळी बटणंच. डाव्या हाताला मागे, खाली, पुढे अशी तीन बटणं अनामिका, मधलं बोट आणि तर्जनीखाली येतात. उडी मारायचं मोठं बटण खाली असतं, ते अंगठ्याने दाबायचं. उजवीकडे आठ बटणं: तीन ठोसे, तीन लाथा आणि दोन जादाची. हिट बॉक्स या कंपनीने ही मांडणी लोकप्रिय केली, म्हणून अनेक जण कोणत्याही लेव्हरलेसला हिटबॉक्सच म्हणतात. माझा त्या कंपनीचा नाही. लो-प्रोफाइल कीबोर्ड स्विचचा, पातळ, लॅपटॉपच्या बॅगेत मावणारा आहे.

मी केन खेळतो, क्लासिक कंट्रोलवर, म्हणजे चालींचे दिशाक्रम स्वतः दाबून. पॅडवर माझी अडचण एकच होती: डी-पॅडचे (अधिकच्या चिन्हासारख्या दिशाबटणाचे) तिरके कोन. हादोकेनला, म्हणजे हातातून फेकायच्या ऊर्जेच्या गोळ्याला, खाली, तिरकं, पुढे असा क्रम लागतो आणि मधला तिरका कोन गेममध्ये नोंदला गेला नाही तर नुसता ठोसा पडतो. पावसाळ्यात हाताला घाम असला की अंगठा घसरायचा, वर लागायचा आणि केन नको तेव्हा उडी मारायचा. समोरचा वाटच बघत असतो. लांब बसून खेळलं की अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, ते वेगळंच.

लेव्हरलेसवर नको असलेली उडी जवळजवळ संपली. उडीचं बटण वेगळं, त्याचं बोट वेगळं. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी जमिनीवरचा खेळ निर्धास्तपणे खेळू लागलो. माझ्यासाठी या कंट्रोलरची सगळ्यात मोठी देणगी हीच.

दुसरी देणगी शोर्‍युकेन. म्हणजे वर झेपावत मारायचा ठोसा: पुढे, खाली, तिरकं आणि ठोसा. लेव्हरलेसवर याची एक सुंदर पद्धत आहे: पुढे दाबून धरायचं, त्यात खाली मिळवायचं, दोन्ही धरून ठेवूनच मागेच्या बटणाला एक टिचकी द्यायची आणि ठोसा मारायचा. मागे आणि पुढे एकदम दाबली गेली की दोन्ही रद्द होतात आणि फक्त खाली उरतं. टिचकी सुटली की पुन्हा तिरकं. म्हणजे गेमला पुढे, तिरकं, खाली, तिरकं असं दिसतं आणि शोर्‍युकेन निघतो. पुढे चालता चालता अचानक उडी मारून आलेल्याला खाली पाडायला याच्याइतकं भरवशाचं काही मी वापरलेलं नाही.

पण विरुद्ध दिशा रद्द होण्याचा हाच नियम गार्डच्या (मागे धरून मार अडवण्याच्या) वेळी अंगावर येतो, आणि हे विकत घेण्याआधी कोणी नीट सांगत नाही. समोरचा डोक्यावरून उडी मारून पाठीमागे उतरला की गार्डची दिशा बदलते. पॅडवर अंगठा एका कडेवरून दुसर्‍या कडेवर जातो, दोन्ही दिशा एकदम दाबल्या जाणं शक्यच नसतं. लेव्हरलेसवर दोन वेगळी बोटं आहेत. पहिलं बोट उचलायच्या आत दुसरं पडलं तर मागे अधिक पुढे बरोबर शून्य, आणि शून्य म्हणजे गार्ड नाही. सुरुवातीचे काही आठवडे मला बसलेला निम्मा मार असाच बसला. उपाय ट्रेनिंग मोडच: डमीला (सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला) अशाच डोक्यावरून जाणार्‍या क्रॉस-अप उडीचं रेकॉर्डिंग लावायचं, दाबलेली बटणं दाखवणारा इनपुट डिस्प्ले चालू ठेवायचा आणि आधी बोट उचलणं, मग दुसरं टेकवणं हे हाताला शिकवायचं. कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही.

केनवाल्यांसाठी आणखी एक. जिनराई लाथ खाली-तिरकं-पुढे आणि ड्रॅगनलॅश शोर्‍युकेनच्या चालीने, दोन्हींना बटण लाथेचंच. पुढे चालत असताना लगेच जिनराई मारायला गेलं तर आधीचं पुढे हिशोबात धरलं जातं आणि ड्रॅगनलॅश निघते. कंट्रोलर बदलून हे जात नाही. पुढेचं बटण सोडून क्षणभर रिकामं ठेवलं आणि मग खाली दाबलं की जातं.

उजव्या हाताबद्दल थोडक्यात. जादाच्या दोन बटणांवर मी ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार सोसत मारायचा जोरदार फटका) आणि ड्राइव्ह पॅरी (मार झेलून निष्प्रभ करणं) ठेवले आहेत. समोरच्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम लागतात आणि गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट द्यायला जेमतेम ०.४३ सेकंद. एका बटणावर असणं सोयीचं, पण पॅडवरही मी ते खांद्याच्या बटणावर ठेवलं होतं आणि प्रतिक्रिया तेवढीच चांगली-वाईट होती. लेव्हरलेसमुळे प्रतिक्रिया सुधारते असं म्हणणार्‍यांशी मी सहमत नाही.

नियमांचं म्हणाल तर स्पर्धेला जाणार्‍यांनी विरुद्ध दिशांची सेटिंग तपासावी. मागे-पुढे रद्द आणि वर-खाली रद्द ही सेटिंग ठेवली की कॅपकॉमच्या स्पर्धांत अडचण येत नाही. २०१९ मध्ये जपानचा नामवंत खेळाडू दाइगो उमेहारा जादा दिशाबटणं असलेला गाफ्रोबॉक्स नावाचा लेव्हरलेस घेऊन उतरला होता आणि कॅपकॉमने आपल्या प्रो टूर या स्पर्धामालिकेत तो वापरायला मनाई केली. तेव्हापासून बटणांची मांडणी हा गंभीर विषय झाला आहे, आणि व्हायलाच हवा. एकाला हाताने शिकावं लागतं ते दुसर्‍याला विकत मिळू नये.

टिकाऊपणा मध्यम. काही महिन्यांनी मागेचं बटण एकदा दाबलं तरी दोनदा नोंद देऊ लागलं, आणि केन गार्ड करण्याऐवजी झटकन मागे सरकू लागला. बॉडी उघडावी लागली नाही. स्विच ओढून काढता येतात, नवा बसवला आणि प्रश्न मिटला. घेताना सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात का, हे जरूर बघा. त्याच वेळी मी सगळेच सायलेंट स्विच टाकले. मूळचे इतके वाजायचे की रात्री आईची झोप मोडायची. आता बंद दाराबाहेर काही ऐकू जात नाही. वजन कमी असल्याने मांडीवर सरकतो. ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी कापून खाली लावली की हलत नाही.

आता झांगीफ. त्याच्या मुख्य पकडीला दिशांचं पूर्ण वर्तुळ लागतं. लेव्हरलेसवर मागे, खाली, पुढे आणि अंगठ्याने वर असं ते निघतं, पण दांडा गोल फिरवण्यात जी सहजता आहे ती इथे नाही. माझा मामेभाऊ झांगीफ खेळतो, सान्वा कंपनीच्या लेव्हरवर, म्हणजे दांड्यावर. नव्वदच्या दशकात व्हिडिओ पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ वर हात बसलेला माणूस. त्याला माझा कंट्रोलर आठवडाभर दिला होता. परत करताना म्हणाला, "अरे, बटणं छान आहेत, पण हातात दांडा नसला की मी कुणाला पकडलंय असं वाटतच नाही." त्याने स्टिकच ठेवली आणि त्याच्यासाठी तेच बरोबर आहे. पॅडलाही कमी समजू नका. एव्हो या मोठ्या स्पर्धेत २०१४ मध्ये फ्रान्सच्या लुफीने अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ चं विजेतेपद रोझ हे पात्र घेऊन जिंकलं, ते पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर.

म्हणून निवडताना मोठ्या खेळाडूच्या हातात काय आहे हे बघण्याऐवजी आपलं पात्र एका राउंडमध्ये सगळ्यात जास्त वेळा कोणती चाल मागतं आणि ती चाल आपल्या हातून कुठे बिघडते, हे रिप्लेमध्ये बघा. माझी तिरक्या कोनात आणि उडीत बिघडत होती. तुमची पॅरीच्या वेळेत बिघडत असेल तर नवा कंट्रोलर काहीच करणार नाही.

पैसे घालण्याआधी पीसीवर कीबोर्डने महिनाभर खेळून पाहा. ए, एस, डी या दिशा आणि स्पेसबारवर उडी, ही जवळजवळ हीच मांडणी आहे. फक्त कीबोर्ड असा हवा की एकदम पाच-सहा की दाबल्या तरी सगळ्या नोंदल्या जातील. बोटांना ते आवडलं तरच पुढे जा. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशेब करा. प्लेस्टेशनवर खेळणार्‍यांनी मात्र नुसत्या किमतीवर जाऊ नये. अधिकृत परवाना नसलेले अनेक स्वस्त कंट्रोलर पीएस४ वर आठ मिनिटांनी बंद पडतात, आणि पीएस५ साठी वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो खर्च धरला तर परवाना असलेला महाग कंट्रोलर घेणंच अनेकदा परवडतं.