मराठी ई-पुस्तकाला डीआरएम की वॉटरमार्क?
दादर-गिरगावातल्या प्रकाशकापुढे ई-पुस्तक विकताना दोन पर्याय असतात. डीआरएममध्ये (डिजिटल हक्क व्यवस्थापन) फाइल कूटबद्ध होते आणि तिची किल्ली वाचकाच्या नोंदणीकृत खात्यालाच मिळते. सरसकट नक्कल त्यामुळे थांबते, पण विक्रेत्याने सेवाच बंद केली, तर पैसे मोजलेला वाचकच अडतो. वॉटरमार्क कोणालाच अडवत नाही. पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव किंवा व्यवहार क्रमांक उमटवला, की टेलिग्रामवर फिरणारी प्रत कोणाकडून सुटली याचा माग लागतो. कायद्याचा कल मात्र पहिल्याकडे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तर कायद्यातल्या हक्कविषयक माहितीच्या (शीर्षक, लेखक, हक्कधारक वगैरे) व्याख्येतून ग्राहकाची ओळख पटवणारी खूण, म्हणजे असा वॉटरमार्क, (नवलच!) वगळलेली आहे. तरीही कथा-कवितांसाठी मी वॉटरमार्कच निवडेन. स्पर्धा परीक्षांच्या महागड्या पुस्तकांना डीआरएम हवे.