साधं तिकीट आणि वेगळा विमा, की सगळं धरून महाग तिकीट? बेळगावहून दुबईला निघणाऱ्या चौघांचा हिशेब

सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, काउंटरवर बहिणीची बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा आला १७ किलो ४०० ग्रॅम. मुभा १५ किलोंची. मागे रांग लागलेली आणि ती फरशीवर बॅग उघडून बसलेली. सासरच्यांसाठी घेतलेले कुंद्याचे दोन डबे काढून तिने हातातल्या बॅगेत कोंबले, तर ती ७ किलोंच्या वर गेली. शेवटी किलोमागे पाचशेच्या वर पैसे मोजून ती आत गेली. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण आदल्या रात्री घरीच वजन केलं असतं तर हे टळलं असतं.

शहापूरच्या वहिनींनी परवा विचारलं ते यावरूनच. मे महिन्यात त्या, दादा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे दुबईला निघालेत. त्यांचा प्रश्न असा: साधं तिकीट काढून विमा वेगळा घ्यावा, की सगळं धरून महागातलं तिकीट घ्यावं, म्हणजे विम्याची गरजच नाही?

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. महाग तिकिटात मिळतं ते आसन, जेवण, थोडं जास्त वजन आणि तारीख बदलताना कमी दंड. आजारपण त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे या दोन गोष्टींची तुलना वेगवेगळी करायला हवी.

आधी तिकीट. तारखा पक्क्या असतील तर मी साध्या भाड्याच्या बाजूने आहे. दादांची रजा मंजूर व्हायची असेल, तर मात्र महागातलं परवडतं. पण साध्या भाड्यावर वरचे पैसे कसे वाढतात ते आपल्याकडच्या लोकांनी नीट बघावं. सांबऱ्याहून दुबईला थेट विमान नाही. बेंगळुरू किंवा मुंबईला बदलायचं, म्हणजे जाताना दोन टप्पे, येताना दोन. चौघांची मिळून १६ आसनं झाली. एका आसनाला ३०० रुपये धरले तरी ४,८०० रुपये फक्त खिडकीसाठी गेले. आणि मुलासाठी तर आसन विकत घेऊच नका. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असलेल्या १२ वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यायलाच हवी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

सामानाचे पैसे मात्र आधीच भरा. जादा किलो घरबसल्या घेतले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात. लोणचं, चटणी नेणार असाल तर वजन वाढणारच, ते गृहीत धरा.

तिकीट रद्द करावं लागलं तर ‘नॉन-रिफंडेबल’ शब्द वाचून सगळं सोडून देऊ नका. मूळ भाडं आणि इंधन अधिभार जाईल, पण सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं. ते मागून घ्या.

माझ्या मते पैशांपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. थोडे रुपये वाचवायला लोक बेळगाव–मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई–दुबई दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतात. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. शिवाय मुंबईला बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं. एकाच पीएनआरवर असाल तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. वेगळी तिकिटं काढलेल्यांना वाटतं विमा आहेच की, पण परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींचं संरक्षण भारत सोडल्यावरच सुरू होतं, सांबऱ्याचा उशीर त्यात बसेलच असं नाही. तिसरा मार्ग म्हणजे चोर्ल्याच्या घाटातून गाडीने गोवा आणि तिथून थेट विमान मिळालं तर तेच. १६ ची ८ आसनं होतात, विमान बदलणं नाही. मे महिन्यात मी हेच आधी तपासेन. पावसाळ्यात त्या घाटावर भरवसा ठेवून विमान गाठायला मी निघणार नाही.

आता विमा. तिकीट काढताना शेवटी एक चौकट येते, काही रुपयांत ‘प्रवास सुरक्षित करा’. देशातल्या प्रवासाला ती सोडली तरी चालेल, घरची मेडिक्लेम भारतभर चालते. दुबईला मात्र ती चौकट आणि स्वतंत्र पॉलिसी यांची बरोबरी करू नका. चौकटीतल्या विम्यात बहुधा अपघात, उशीर, हरवलेली बॅग यांवर भर असतो. आपल्याला हवं ते दवाखान्याचं बिल, कारण आपली नेहमीची मेडिक्लेम साधारणपणे परदेशात चालत नाही. म्हणून पॉलिसी बघताना बॅगेची रक्कम नंतर बघा. आधी बघा वैद्यकीय रक्कम किती, त्यातले पहिले किती डॉलर आपण भरायचे, आणि आधीपासूनच्या आजाराचं काय. युरोपला जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. दुबईला जातानाही मी त्याच्या आसपासचं घेईन.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत घ्या, त्या कागदाशिवाय विम्याचा दावा अडतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीला लेखी कळवायचं असतं.

वहिनींना मी सांगितलं ते असं: साधं भाडं, एकच पीएनआर, जादा किलो आधीच, आसनांचे पैसे वाचवा आणि त्या पैशांत चौघांची स्वतंत्र पॉलिसी घ्या. सासूबाईंना शुगर आहे. एजंट म्हणेल, नाही लिहिलं तर हप्ता कमी बसेल. तिथे ऐकू नका, वहिनी. फॉर्म भरताना त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवा आणि एकेक नाव लिहा.