प्रोजेक्टरची सिग्नल यादी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

परळच्या हॉलमध्ये छताला टांगलेला लेझर प्रोजेक्टर. सकाळी ट्रेनिंग, संध्याकाळी साखरपुडा, रविवारी मॅच. उजेड आणि रंग याबद्दल तक्रार नाही. ऑपरेटरचा वेळ खातो तो मेनूतला 'रजिस्टर्ड सिग्नल' हा भाग, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक सिग्नलची चित्राची सेटिंग्ज लक्षात ठेवणारी यादी.

एकूण जागा ९६: ए ते एल अशी १२ पानं, प्रत्येकावर ८. नवा सिग्नल आल्यावर मेनूचं बटण दाबलं की पहिल्या रिकाम्या जागेत नोंद होते. म्हणजे उगाच मेनू दाबून बघायची सवय असलेला माणूस नकळत यादी भरत जातो. जागा संपल्या की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी चढते, आणि सर्वांत जुनी नोंद बहुधा बसवताना नीट जुळवलेलीच असते.

मशीन सिग्नल ओळखतं ते मुख्यतः आडव्या-उभ्या फ्रीक्वेन्सीवरून, म्हणजे सेकंदाला किती ओळी आणि किती वेळा चित्र येतं त्यावरून. लॅपटॉपचा १०८०पी ६० म्हणजे आडवी ६७.५ किलोहर्ट्झ, सेट-टॉप बॉक्सचा १०८०आय ५० म्हणजे २८.१२५. हे दोन कधीच गोंधळत नाहीत. गोंधळ व्हीजीएवर, म्हणजे जुन्या अ‍ॅनालॉग केबलवर. १२८० बाय ७६८ आणि १३६६ बाय ७६८ दोन्ही ४७.७ किलोहर्ट्झच्या आसपास, उभी फ्रीक्वेन्सीही जवळपास ६०. जुना लॅपटॉप लावला की चित्र आडवं दबलेलं किंवा कडेला कापलेलं दिसतं, कारण दुसऱ्याच रिझोल्यूशनची नोंद लागू झालेली असते. अशा वेळी झूमच्या मागे लागू नका. आधी इनपुट रिझोल्यूशनमध्ये टोटल डॉट्स (एका ओळीतले एकूण ठिपके) आणि डिस्प्ले डॉट्स (त्यातले दिसणारे) तपासा (१३६६ ला १७९२ आणि १३६६), मग क्लॉक फेज (अक्षरांचा थरथराट घालवायला), शेवटी शिफ्ट (चित्र सरकवायला). हे सगळं मशीनलाच जुळवू देणारा ऑटो सेटअप करायचाच तर स्क्रीनभर उजळ चित्र ठेवून करा. काळ्या स्लाइडवर त्याला कडा सापडत नाहीत.

एचडीएमआयवरचा घोटाळा वेगळा, आणि जास्त त्रासदायक. एकाच इनपुटवर लॅपटॉप आणि मीडिया प्लेअर दोघेही १०८०पी ६० देत असतील तर दोघांची नोंद एकच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी लॅपटॉप बहुधा पूर्ण रेंजमध्ये, ० ते २५५, पाठवतो, प्लेअर बहुधा १६ ते २३५. सिग्नल लेव्हल 'ऑटो'वर असेल तर सहसा निभावतं. पण कुणी ती लॅपटॉपसाठी हाताने पूर्ण रेंजवर नेली, की संध्याकाळी लग्नाच्या व्हिडिओत काळी शेरवानी राखाडी दिसते आणि बिचाऱ्या एडिटरला बोलणी बसतात. ती लेव्हल परत 'ऑटो'वर आणा. चित्राच्या बाकी सेटिंग्ज दोघांना वेगळ्या हव्या असतील तर इलाज सब मेमरी: एकाच सिग्नलखाली दोन वेगळ्या सेटिंग्ज. एकीला LAPTOP ऐवजी सोपं 'एल', दुसरीला 'पी' एवढंच नाव पुरतं. रिमोटने एकेक अक्षर निवडत लांब नाव टाकणं म्हणजे शिक्षाच. मात्र प्रत्येक सब मेमरी त्याच ९६ मधली एक जागा खाते.

कायमच्या नोंदी लॉक केलेल्या बऱ्या. लॉक असताना चित्राची सेटिंग आणि ऑटो सेटअप दोन्ही चालत नाहीत, हे ऑपरेटरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो रिमोटचे सेल बदलत बसेल.

'लॉक-इन रेंज', म्हणजे फ्रीक्वेन्सी किती जवळ असली की तोच सिग्नल मानायचा ती मर्यादा, एरवी नॅरोच असू द्या. एखाद्या उपकरणाची फ्रीक्वेन्सी डळमळते आणि त्याच्याच तीन-चार नोंदी यादीत दिसतात, तेव्हाच त्या नोंदीपुरती वाइड करा. सरसकट वाइड केल्यास जवळचे दोन सिग्नल एकच समजले जातात आणि व्हीजीएचा तोच गोंधळ पुन्हा.

कीस्टोन, म्हणजे तिरकी चौकट सरळ करणारी सेटिंग, मात्र या यादीत साठत नाही. पडद्यावरची चौकट तिरकी झाली असेल तर नोंदी पुसून काही साधणार नाही. मशीन छताला टांगलंय ती पकड किंवा लेन्स बघा. आणि 'ऑल यूजर डेटा' (सगळी साठवलेली सेटिंग्ज) रिसेट करण्याआधी बाराही पानांचे मोबाइलवर फोटो काढा, लॉक केलेल्या नोंदींची सेटिंग्ज उघडून त्यांचेही. त्या रिसेटमध्ये लॉक केलेल्या नोंदीसुद्धा जातात.