सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर, २१,८५९ रुपये आणि माझं आधार कार्ड

आधी महत्त्वाचं सांगते, मग बाकीचं. गार्मिन एज ५३० हा सायकलचा कॉम्प्युटर विकायचा आहे असं सांगून कोणी तुम्हाला साताऱ्यातल्या एका बाईचं आधार कार्ड ओळख म्हणून पाठवलं, तर एक रुपयाही देऊ नका. ते कार्ड माझं आहे. मी काहीही विकत नाहीये. माझेच २१,८५९ रुपये गेले आहेत.

सहा वर्षं झाली मी सायकल चालवते. रोज सकाळी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट, रविवारी कास, कधी बोगद्यातून सज्जनगड आणि पुढे ठोसेघर. इतके दिवस फोनच हँडलला लावत होते. पण पावसाळ्यात यवतेश्वरच्या वर ढग उतरले की फोनची स्क्रीन थेंबांनाच बोटं समजते. नकाशा आपोआप सरकतो, रेकॉर्डिंग मधेच थांबतं. बामणोलीच्या बाजूला रेंज जाते. आणि मला यंदा २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची होती. तिला साडेतेरा तास मिळतात. नकाशा सुरू ठेवला तर माझा फोन सहा तासांत मान टाकतो. अडीअडचणीला घरी फोन लावायचा तो कशावरून?

म्हणून वेगळा कॉम्प्युटर हवा होता. हौस म्हणून नाही. एज ५३० हे २०१९ चं मॉडेल. टचस्क्रीन नाही, सगळं बटणांवर, त्यामुळे पाऊस आणि हातमोजे दोन्ही चालतात. कंपनी बॅटरी २० तास सांगते. रूट आधी टाकून ठेवला की समोरचा चढ किती उरलाय ते दाखवतो. २०२३ मध्ये ५४० हे नवं मॉडेल आल्यावर बऱ्याच जणांनी जुना ५३० विकायला काढला, म्हणजे सेकंडहँड मिळणं काही नवलाचं नव्हतं. नवा घेणं मला झेपत नव्हतं.

ऑक्टोबरात माझी भिशी लागली. वीस हजार. घरात कोणालाच सांगितलं नाही. ‘सायकलला कसला आलाय कॉम्प्युटर’ हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की वस्तू हातात आल्यावरच सांगू, असं ठरवलं. ही पहिली चूक, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. माझी सख्खी बहीण सांगलीत विश्रामबागला राहते. भावोजींना एक फोन केला असता तर ते संध्याकाळी जाऊन वस्तू बघून आले असते. पण मग घरी कळलं असतं. घरच्यांपासून लपवून काही विकत घेत असाल तर तिथेच थांबा. फसवणाऱ्याला असंच एकटं माणूस हवं असतं.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या एका साइटवर होती. एज ५३०, सोबत स्पीड आणि कॅडेन्स (पायडल मिनिटाला किती वेळा फिरतं ते) मोजणारे सेन्सर, छातीचा हार्ट रेट पट्टा, बिल, खोका. १४,५०० रुपये. ठिकाण सांगली. विकणारा हिंदीत बोलत होता. रेल्वेत आहे, मिरजेला बदली झाली होती, आता परत बदली झालीय, सामान कमी करतोय, असं म्हणाला. मिरज एवढं मोठं जंक्शन, बाहेरची माणसं असणारच. तो लष्करात आहे म्हणाला असता तर मी तिथेच फोन ठेवला असता. लष्कराच्या नावाने होणारी फसवणूक आता सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या जिल्ह्यात घरटी एक फौजी आहे, दोन प्रश्नांत खरं-खोटं कळतं. रेल्वेतलं मला काय विचारणार?

मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत, हे मला सांगायचंच आहे. मी त्याला म्हटलं, कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, तो कागद कॉम्प्युटरशेजारी ठेवा, कॉम्प्युटर सुरू करा आणि व्हिडिओ पाठवा. त्याने अर्ध्या तासात पाठवला. ३८ सेकंदांचा. कागदावर माझं नाव, तारीख, बाजूला सुरू असलेला ५३०. तो एकेक बटण दाबून पानं दाखवतो. म्हणजे वस्तू खरी होती, त्याच्या हातात होती. मला वाटलं, झालं, खात्री पटली.

त्याच व्हिडिओत २२व्या सेकंदाला उंचीचं पान येतं. १९२ मीटर.

हा आकडा मी तेव्हाच पाहिला होता. नंतर कोणी दाखवून दिला असं नाही. पाहिला, आणि सोडून दिला.

सांगली कृष्णेच्या काठी, सखल, तरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मिरज तशीच. सगळा सांगली जिल्हा धुंडाळला तरी १९२ मीटरवर उभं राहायला जागा सापडायची नाही. मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? सहा वर्षं मी चढच मोजतेय. साताऱ्यातला पोवई नाका सातशेच्या आसपास, कास बाराशेच्या आसपास, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तो माणूस सांगलीत नव्हता, महाराष्ट्राच्या पठारावरच नव्हता, आणि ज्या यंत्रासाठी मी जीव टाकत होते तेच यंत्र मला हे स्वच्छ आकड्यात सांगत होतं.

मी मनाशी काय म्हटलं? म्हटलं, हा कॉम्प्युटर हवेच्या दाबावर उंची काढतो, कॅलिब्रेट केलेला नसेल. घरात असेल, सॅटेलाइट मिळालं नसेल. दोन्ही खोटं. हवा बदलली की उंची दहा-वीस, फार तर तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे होते. साडेतीनशे मीटरचा फरक पडायला दाब जवळजवळ चाळीस मिलिबारने वाढावा लागेल, आणि तसा तो वाढत नाही. आणि व्हिडिओत सॅटेलाइटच्या रेषा पूर्ण भरलेल्या दिसतात. तो उघड्यावर, बहुतेक गच्चीत उभा होता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर आकडेच बघते. चालत आलेल्या धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन ४ आलं तर मी रिपोर्ट देत नाही, सॅम्पल परत लावते. अठरा वर्षं हेच केलंय. त्या दिवशी १९२ बघून परत तपासायला मला दोन मिनिटं लागली असती. वस्तू हवीशी झाली होती, दुसरं कारण नाही. तो व्हिडिओ मी आतापर्यंत शंभर वेळा तरी पाहिला असेल.

सेकंडहँड जीपीएस घेताना समोरच्याला उंचीचं पान आणि नकाशाचं पान दोन्ही उघडायला सांगा. हे यंत्र स्वतः कुठे आहे ते सांगतं, त्याला सांगू द्या. सीरियल नंबर मागा. आणि सातारा ते सांगली एसटीने तीन-साडेतीन तास लागतात, तेवढे काढा. मी ‘येऊन घेऊन जाते’ म्हटलं होतं. तो म्हणाला, नाइट ड्यूटी आहे, दिवसा झोपतो. मीही जास्त ताणलं नाही.

पैसे असे गेले. ९ तारखेला टोकन २,००० रुपये. १० तारखेला त्याने कुरिअरची पावती पाठवली, खाली शिक्का, वर नंबर. मी उरलेले १२,५०० पाठवले. ११ तारखेला दुसऱ्याच नंबरवरून ‘कुरिअर ऑफिस’चा फोन. पार्सलमध्ये जीपीएसची वस्तू आहे, विमा भरावा लागेल, २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, डिलिव्हरी झाली की परत. जीएसटी धरून बरोबर २,३६० होतात. हिशोब बरोबर निघाला की माणसाचा विश्वास बसतो. भरले. तासाभराने, रक्कम चुकीच्या कोडवर गेली, ४,९९९ भरा म्हणजे दोन्ही मिळून ७,३५९ परत येतील. तेव्हा आतून कळत होतं. पण १६,८६० अडकले होते, ते सोडवायचे होते, म्हणून तेही भरले. भिशी संपून घरखर्चातले १,८५९ गेले.

मग ७,३५९ चा क्यूआर कोड आला आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असा निरोप. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच माझ्या आईला शिकवलंय. तिथे हात थांबला. फोन केला तर दोन्ही नंबर बंद.

हे घडलं शनिवारी दुपारी. लाजेने मी दोन दिवस गप्प बसले. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो सोमवारी रात्री. तुम्ही हे करू नका. पैसे गेल्याचं कळलं त्याच मिनिटाला १९३० लावा, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. पैसे समोरच्या खात्यात असतील तोवर गोठवता येतात, पुढे गेले की संपलं. माझी तक्रार नोंदली गेली, पोच क्रमांक मिळाला. त्या साखळीतल्या एका खात्यात ३१२ रुपये गोठलेत.

मंगळवारी अर्धी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेले. टेबलावरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि मोठ्याने विचारलं, “सायकलला कॉम्प्युटर? पंधरा हजाराचा?” बाकावर बसलेली चार माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाले, हे आमच्याकडे नाही, सायबरला जा. सायबरला गेले. तिथे म्हणाले, ऑनलाइन तक्रारीची प्रिंट आणा, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. बँकेत गेले. शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले होते. पाऊण तास थांबले. ते आले आणि म्हणाले, “पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम? मग बँक काय करणार?” अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक त्यांना तोंडपाठ होतं, पण त्यातलं ग्राहकाच्या चुकीचं तेवढंच. समोरचं खातं कोणाच्या कागदपत्रांवर उघडलं, ते भाड्याने दिलेलं आहे का, याचं उत्तर देणारं कोणी नाही. माझ्या आईला पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, एक सही हलली तर चेक परत येतो, आणि या लोकांची खाती बिनबोभाट चालतात!

बुधवारी परत गेले. अधिकारी बंदोबस्ताला गेलेले. गुरुवारी भेटले. म्हणाले, रक्कम लहान आहे, लाखांतल्या केसेस पडून आहेत. माझा महिन्याचा पगार २३,००० आहे. मी म्हटलं, एफआयआर घ्या. ‘गुन्हा इथे घडला नाही, आरोपी बाहेरचा.’ मी घरून वाचून गेले होते. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तोतयेगिरीला आयटी कायद्याचं ६६-ड आहे. मी हे बोलले तर त्यांचा चेहरा बदलला, “मॅडम, वकील आहात का?” शेवटी साध्या अर्जावर पोच दिली. एफआयआर नाही. अर्ज तरी लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेल्याचा मागमूस राहत नाही.

चार अर्ध्या रजा गेल्या. लॅबच्या मॅडमना कारण सांगावं लागलं, यांना सांगावं लागलं. हे चिडले नाहीत, फक्त म्हणाले, “मला सांगितलं असतंस तर आपण गाडी काढून गेलो असतो.” ते मला जास्त लागलं.

आता आधार कार्ड. टोकन देताना त्याने स्वतःचं म्हणून एका माणसाचं आधार पाठवलं आणि कुरिअरसाठी माझं मागितलं. त्याने दाखवलं म्हणून मीही दाखवलं. पुढून-मागून, पूर्ण. त्या कार्डावरचा माणूसही माझ्यासारखाच कोणीतरी फसलेला असणार, हे तेव्हा सुचलं नाही. कोणालाही आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या. त्यावरही पेनाने आडवं लिहा, कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला.

गेल्या शुक्रवारी लॅबमध्ये असताना फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यातलं पोलीस ठाणं. एका कॉलेजच्या मुलाने तक्रार दिलीय की एका बाईने गार्मिनचा सायकल कॉम्प्युटर देते म्हणून त्याच्याकडून ६,५०० रुपये घेतले. त्याच्याकडे बाईचं आधार कार्ड आहे आणि ३८ सेकंदांचा व्हिडिओ आहे. महिनाभरात पोलिसांनी आपणहून मला केलेला हा पहिला फोन.

सोमवारी अकरा वाजता जबाबाला बोलावलंय. माझा अर्ज, पोच क्रमांक, स्टेटमेंट, दोन्ही नंबर, व्हिडिओ, सगळं फाइलला लावलंय. त्या मुलाच्या व्हिडिओत कागदावरचं नाव तेवढं वेगळं असेल, उंची १९२ च्या जवळपासच असेल, असं मला वाटतंय. ज्यांना ज्यांना तसा व्हिडिओ आला असेल त्यांनी तो डिलीट करू नका. २२व्या सेकंदाला थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि आपल्या तक्रारीला जोडा. तो आकडा एवढाच माझ्या बाजूचा पुरावा आहे.