नवी गाडी आधी रुळवायची की थेट लांबच्या प्रवासाला काढायची?

दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूमच्या दारात गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडली जातात, आणि पुढच्याच शनिवारी कोकण किंवा तिरुपतीला निघायचं आधीच ठरलेलं असतं. मग घरात दोन पक्ष पडतात. मोठी माणसं म्हणतात, आधी हजार किलोमीटर सावकाश चालवून इंजिन बसू द्या. पोरं म्हणतात, आताच्या गाड्यांना तसलं काही लागत नाही, काढा थेट. दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं बरोबर आहे. भांडण हजारच्या आकड्यावर होतं, पण इंजिनाला फरक पडतो तो ते किलोमीटर कसे झाले याने.

आत नेमकं काय बसतं

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. यालाच होनिंग म्हणतात. या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि रेघांच्या टोकांवर घासून पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) आपली जागा करून घेतात. रिंग भिंतीला टेकते ती काही नुसत्या स्वतःच्या ताणाने नाही. जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भार नसला की हा दाब कमी पडतो. म्हणून नव्या इंजिनाला फार गोंजारलं तर रिंगा अर्धवट बसतात, भिंतीवर जळक्या ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि गाडी पुढे आयुष्यभर थोडं थोडं ऑइल पीत राहते. उलट पहिल्याच दिवशी एक्सलेटर तळाला लावला, तर न घासलेल्या उंचवट्यांवर एकदम उष्णता वाढते आणि ओरखडे पडण्याचा धोका असतो.

आजकाल होनिंग करतानाच त्या रेघांची टोकं बरीचशी छाटून घेतात, त्यामुळे रुळवण्याचं मोठं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून चाळिशीच्या पुढे काटा जाऊ न देण्याचे दिवस गेले. पण मॅन्युअलमधलं ते पान गेलेलं नाही. ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या १,००० किलोमीटरमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) २,००० ते ४,००० च्या दरम्यान ठेवायला आणि एकाच वेगाने फार वेळ न चालवायला सांगितलेलं आहे. फोक्सवॅगन पहिल्या १,००० किलोमीटरला कमाल आरपीएमच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ नका म्हणते, आणि १,५०० पर्यंत हळूहळू वाढवायला सांगते. शब्द वेगळे असले तरी गाभा सगळीकडे एकच: पूर्ण पाय दाबू नका, आणि एकाच वेगावर अडकून राहू नका. लोक पहिलं पाळतात, दुसरं विसरतात. हायवेवर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) ८० वर लावून चारशे किलोमीटर जाणाऱ्याला वाटतं, किती जपून चालवली!

तीन पर्याय समोरासमोर

| | थेट प्रवासाला | गावातच १,००० किमी | जवळपासच्या तीन फेऱ्या (सुमारे ३५० किमी), मग प्रवास |
|---|---|---|---|
| लागणारा वेळ | काही नाही | रोजच्या २० किमीने ५० दिवस | तीन मोकळे दिवस |
| रिंगांवर भार | रस्ता कसा त्यावर | फार कमी | हवा तसा देता येतो |
| ब्रेक आणि टायर | कोरेच | रुळतात | रुळतात |
| दोष कुठे कळेल | घरापासून लांब | घराजवळ, पण वेगातले दोष लपून राहतात | घराजवळ |

वरून सुरक्षित वाटणारा मधला पर्याय खरं तर सगळ्यात कमकुवत आहे. सोलापुरात सात रस्ता ते नवी पेठ, तिथून होटगी रोड, परत घर, अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापतच नाही. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं. त्याला आणखी पाच-दहा किलोमीटर लागतात. न तापलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल साठत जातं. सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिन फिरतंय पण भार शून्य. म्हणजे ५० दिवस वाट पाहून रिंगांना हवं ते मिळालं नाही ते नाहीच.

थेट निघणं यापेक्षा बरं, पण एक अडचण आहे, आणि तिचा इंजिनाशी संबंध नाही. नव्या गाडीत काही ना काही किरकोळ निघतं: ८०-९० ला स्टिअरिंग थरथरणं (चाकाचं बॅलन्सिंग), गाडी एका बाजूला ओढणं, होज क्लिप ढिली राहून कूलंट झिरपणं, एखादा सेन्सर रुसून दिवा पेटणं. हे मंगळवेढ्याच्या अलीकडे कळलं तर दुपारपर्यंत शोरूममध्ये. कोकणच्या वाटेवर आंबा घाटात कळलं तर रविवार, पाऊस आणि पोरांची रडारड. प्रवासाआधी थोडं चालवून घेण्याचं खरं कारण हे आहे, रिंगा नंतर.

देवदर्शन म्हणजेच रनिंग-इन

सोलापुरात नवी गाडी आली की तुळजापूर, पंढरपूर आणि अक्कलकोट ठरलेलंच असतं. या तीन फेऱ्या नीट चालवल्या तर इंजिन रुळवायला वेगळं काही करावं लागत नाही.

पहिली फेरी तुळजापूर, तिथून नळदुर्ग, आणि ६५ नंबरच्या हायवेने परत. साधारण सव्वाशे किलोमीटर. हीच आधी करावी, कारण तिच्यात चढ, साधा रस्ता आणि चौपदरी असं तिन्ही येतं. गाडी सुरू करून अर्धा मिनिट थांबायचं, मग निघायचं; उभ्याने दहा मिनिटं गरम करण्यात अर्थ नाही. पहिले दहा-बारा किलोमीटर हलक्या पायाने. नंतर मागे गर्दी नसेल तिथे तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत अर्धा ते दोन-तृतीयांश पाय दाबून वेग घ्यायचा, मग पाय काढून गिअरमध्येच ४५-५० पर्यंत उतरू द्यायची. वेग घेताना दाब रिंगांना भिंतीवर बसवतो. पाय काढला की पेट्रोल इंजिनात पोकळी तयार होऊन थोडं ऑइल वर ओढलं जातं आणि घासलेला कचरा निघून जायला मदत होते. असं आठ-दहा वेळा पुरे. तुळजापूरच्या चढावर वरचा गिअर पकडून इंजिन गुरगुरत ठेवू नका. चौथ्यात १,३०० आरपीएमवर धापा टाकण्यापेक्षा तिसऱ्यात २,५०० ला चढलेली गाडी कितीतरी सुखी.

याच फेरीत ब्रेक रुळवून घ्या. रस्ता मोकळा बघून ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा-एक किलोमीटर वारा लागू द्यायचा. आठ वेळा. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. नवे टायरही सुरुवातीला बुळबुळीत असतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर वरच्या रबरावर राहिलेला असतो. पहिले तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, पाऊस असेल तर आणखी. शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत सायलेन्सरकडून थोडा जळका वास आला तर घाबरू नका, तो सायलेन्सरवरच्या नव्या लेपाचा असतो. पेट्रोलचा किंवा गोडसर वास आला तर मात्र थांबा. गोडसर म्हणजे कूलंट.

दुसरी फेरी मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर: दीडशेच्या आसपास. गावं, गतिरोधक आणि ओव्हरटेक यामुळे वेग आपोआप बदलत राहतो. ही दिवसाच करा. गाळप हंगामात या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि कोऱ्या ब्रेकची परीक्षा घ्यायची ती जागा नव्हे. तिसरी अक्कलकोट जाऊन-येऊन, ऐंशी किलोमीटर. हिच्यात पाच माणसं आणि सामान भरून बघा, कारण प्रवासालाही तीच गाडी तशीच भरलेली असणार.

तीन फेऱ्या झाल्या की सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) बघा. ऑइल वरच्या खुणेपासून थोडं खाली गेलं असेल तर या टप्प्यात चालतं. टायरची हवा थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. नव्या गाडीत ती बहुतेकदा जास्त भरलेली असते.

कुठे जाताय, त्यावरही आहे

त्याच ३५० किलोमीटरनंतर दोन प्रवास सारखे नसतात. हैदराबादचा ६५ नंबर रस्ता, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत तीनशेच्या थोडं वर, बराचसा सपाट आणि सरळ. नव्या इंजिनाला हाच सोपा रस्ता अवघड, कारण पाय एका जागी गोठतो. हैदराबाद-कर्नूलवरून तिरुपतीला जाणाऱ्यांचं दुखणं तेच, दुप्पट. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी वेग ७० ते ९५ च्या मध्ये बदला, अधूनमधून गिअर एक खाली घ्या, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरला चहा.

कोकणात १६६ नंबरच्या हायवेने सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करून उतरणाऱ्याला रस्ता स्वतःच शिकवतो. चढ, उतार, वळणं, भार कमी-जास्त. लोक घाटाला घाबरून नवी गाडी सपाटीवर नेतात. इंजिनाच्या दृष्टीने गणित उलटं आहे. अट एकच, घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिनाच्या जोरावर उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून नवे पॅड तापवले की ते वरून कडक होतात आणि किरकिरायला लागतात.

इंजिन कोणतं?

साधं पेट्रोल सगळ्यात सोशिक. टर्बो पेट्रोलला चार हजारांच्या खालीही भरपूर जोर असतो, त्यामुळे आरपीएम कमी आहे म्हणून पाय पूर्ण दाबायचा मोह होतो. तो टाळा, आणि हायवेवरून ढाब्यावर वळल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच भाजून निघू नये म्हणून. मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ अंश असताना हे विसरू नका.

डिझेलच्या रिंगा बसायला जास्त किलोमीटर घेतात, त्यामुळे मायलेज पहिल्या हजारात कमी दिसलं तरी शोरूमशी भांडायला जाऊ नका. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि गावातल्या छोट्या फेऱ्यांनी तो चोंदतो. म्हणजे ‘गावातच हजार’ हा पर्याय डिझेलवाल्यांनी तर यादीतूनच काढावा.

हायब्रिडमध्ये मीटरवरचे हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे हजार नव्हेत, गावात बराच वेळ विजेची मोटरच ओढते. त्यांनी फेऱ्या हायवेच्याच निवडाव्यात. ऑटोमॅटिकमध्ये एकदम पाय दाबला की गिअरबॉक्स दोन गिअर खाली टाकून आरपीएम उडवतो. मॅन्युअल मोड असेल तर पहिल्या हजारात ओव्हरटेक त्यातूनच करा. इलेक्ट्रिक घेतलेल्यांना इंजिनाची चिंता नाही, पण टायर आणि ब्रेक त्यांचेही कोरेच असतात, आणि रिजनमुळे (पाय काढला की मोटरच गाडीचा वेग कमी करते) पॅड घासायला उशीर लागतो.

ऑइल लवकर बदलावं का?

हजारला ऑइल बदलण्याचा आग्रह जुने मेकॅनिक धरतात. त्यामागचं कारण खरं आहे: पहिल्या किलोमीटरमध्ये धातूचे बारीक कण सुटतात. पण ते पकडायला फिल्टर असतो, आणि बऱ्याच कंपन्यांची पहिली फ्री सर्व्हिसिंग, मग ती १,००० ला असो वा १,५०० ला, तपासणीपुरतीच असते. ऑइल १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा. दहा-बारा वर्षं गाडी ठेवणार असाल आणि तीन-चार लिटर ऑइल व फिल्टरचा खर्च जड नसेल, तर प्रवासाहून आल्यावर बदला; नुकसान नाही. पण मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, अधिकृत वर्कशॉपमध्ये, बिलासकट. होंडाच्या मॅन्युअलसारखं काही ठिकाणी ठरल्या वेळेआधी पहिलं ऑइल काढू नका असं छापलेलं असतं. तसं असेल तर हात लावू नका. आणि पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल लागणाऱ्या गाडीत ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारा कोणी भेटला तर बोनेट बंद करून निघा.

प्रवासाला निघताना त्याच ग्रेडचं एक लिटर डिकीत टाका. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचंच अंतर असतं. रोज सकाळी, इंजिन थंड असताना काडी बघा. निघतानाची पातळी आणि मीटर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, परत आल्यावर पुन्हा काढा. हजार किलोमीटरमध्ये पातळी खालच्या खुणेला टेकली असेल, तर पहिल्या सर्व्हिसिंगला ते तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून घ्या, दोन्ही फोटो दाखवून.