उतारावरचं घर: जमीन सपाट करायची की घर टप्प्यांनी उतरवायचं?

सपाटीकरण सोपं वाटतं. नेहमीचा नकाशा चालतो, सगळ्या खोल्या एका पातळीवर येतात. पण उतार कापला की संरक्षक भिंत आली, आणि तिची उंची दुप्पट झाली की मातीचा एकूण रेटा चौपट होतो. मागे पाणी साचलं तर त्याचा दाब वेगळाच. म्हणून भिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला भोकं हवीतच. भरावाची माती तर पुढेही दबत राहते. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर असलं, की भिंतींना तिरक्या भेगा पडू लागतात.

टप्प्यांच्या घराला खोदाई कमी लागते. खांबांवर उचललं तर त्याहूनही कमी: पावसाचं पाणी आपल्या जुन्या वाटेने जातं, झाडांची मुळं शाबूत राहतात. खालच्या टप्प्याचं छप्पर वरच्याचं अंगण होतं, हे मला फार आवडतं. मात्र भूकंपात आखूड खांब लांब खांबांपेक्षा जास्त जोर ओढून घेतात, तेव्हा आराखडा अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

मी टप्प्यांच्याच बाजूने आहे. घरात चाकाची खुर्ची वापरणारं कोणी असेल, तर स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि न्हाणीघर प्रवेशाच्याच पातळीवर ठेवावं.